जुन्या प्रतींत नसलेल्या उताऱ्यावर प्रार्थना कशी करायची?

वसईची_लेक:
आमच्या बायबल वर्गात कळलं की व्यभिचारात पकडून दगड मारायला आणलेल्या आणि येशूने वाचवलेल्या बाईची गोष्ट (योहान ८) सिनायटिकस आणि व्हॅटिकानस ह्या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखित प्रतींत नाहीच, आणि काही प्रतींत ती चक्क लूकच्या २१व्या अध्यायानंतर येते. माझ्या वाईट दिवसांत ह्याच उताऱ्याने मला धरून ठेवलं. आता प्रार्थनेला बसलं की आधी हेच डोक्यात येतं. अभ्यास आणि प्रार्थना दोन्ही जमतं का कुणाला?

कोर्लई_किल्ला:
ताई, अभ्यासात नका पडू. आमची आजी निरक्षर होती पण रोझरी (जपमाळेची प्रार्थना) कधी चुकली नाही. चिरफाड केली की भक्ती सुकते.

पापडीकर:
दादा, आजींचा मान ठेवून सांगतो, नाही पटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज यिर्मया २९:११ (‘तुमच्यासाठी माझ्या योजना भल्याच्याच आहेत’ असं देव सांगतो ते वचन) फिरतं, लोकांना वाटतं नोकरी, व्हिसा आता झालाच, आणि नाही झालं की देवावर रुसतात. अहो ते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्यांना लिहिलेलं, आणि लगेच आधीच्या वचनात ७० वर्षं सांगितलीत, म्हणजे ऐकणारे बहुतेक जण परत येणारच नव्हते! त्यांना सांगितलं घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. माझा भाऊ गल्फमध्ये अडकला तेव्हा मला हे अख्खं पत्र उपयोगी पडलं, स्टेटसवरची एक ओळ नाही. आणि १९४३ साली खुद्द पोप बारावे पायस यांनी मूळ भाषांतून, साहित्यप्रकार ओळखून अभ्यास करा असं सांगितलंय.

मालवणचो_झील:
मी ख्रिस्ती नाही, तरी विचारतो. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, मागून घुसलेलं काढलं, आणि ते स्वतः केवढे भक्त! मग तुमच्या चर्चने हा उतारा का ठेवला?

पापडीकर:
चांगला प्रश्न. चौथ्या शतकातला बायबलचा भाषांतरकार संत जेरोम, त्याला तो बऱ्याच ग्रीक आणि लॅटिन प्रतींत सापडला होता म्हणून त्याने लॅटिन भाषांतरात घेतला. त्याच काळातले बिशप संत ऑगस्टिन यांचं म्हणणं तर असं की बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल ह्या भीतीने काहींनी तो मुद्दाम गाळला. आजचे बहुतेक अभ्यासक तो नंतर जोडलेला मानतात, पण गोष्ट स्वतः जुनी असावी असं त्यातल्याही अनेकांना वाटतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) वाचतातच की आपण.

वसईची_लेक:
ऑगस्टिनचं हे माहीतच नव्हतं, रविवारी वर्गात काढते. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईशी नीट बोललं तर बाकीच्या बिघडतील, ही भीती मी आमच्या आळीत ऐकलीय, अगदी ह्याच शब्दांत.