प्रार्थनेच्या जागेला तिकीट का म्हणून?

सदाफिरस्ता: मे महिन्यात आईबाबांना घेऊन लंडन, पॅरिस, रोम करून आलो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चला माणशी तीस पाउंडांच्या आसपास तिकीट. आईने मनातल्या मनात रुपयांत हिशोब केला आणि म्हणाली, "मी बाहेरूनच नमस्कार करते." रोमला पँथिऑन. मागच्या खेपेला सहज आत शिरलो होतो, आता जुलै 2023 पासून पाच युरो. बरं, हे नुसते रोमन अवशेष नव्हेत, सन 609 पासून ते चर्च आहे आणि आजही तिथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थना, होते. उलट पॅरिसचं नोत्र दाम चर्च बघा. 2019 ची आग, पाच वर्षांचं काम, डिसेंबर 2024 ला दार उघडलं, आणि आत जायला एक सेंट लागत नाही. पॅरिसला जमतं ते इतरांना का जमू नये? संग्रहालय असेल तर तसं सांगा, आम्ही तिकीट काढू. पण पावती फाडून देव दाखवू नका.

म्युनिककर: पॅरिसचं उदाहरण गैरलागू आहे. 1905 च्या कायद्यानुसार नोत्र दामची मालकी फ्रान्स सरकारकडे आहे आणि आत जायला पैसे घेता येत नाहीत. 2024 मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी पाच युरो तिकिटाची टूम काढली, तर चर्चच आडवं आलं. आमच्याकडे जर्मनीत चर्चच्या नोंदणीकृत सभासदांकडून आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्च कर कापला जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी तुम्ही फुकट फिरता. म्हणजे तुमचं तिकीट माझा शेजारी भरतो. वेस्टमिन्स्टरला सरकार, राजघराणं किंवा चर्च, कुणाकडूनच नियमित पैसा येत नाही. छपरातून पाणी गळलं तर त्यांनी काय करायचं?

सदाफिरस्ता: दानपेटी ठेवा की! तिरुपतीला तीनशे रुपयांची रांग आहे, पण शेजारी फुकटचीही आहे. इथे ती कुठाय?

संध्याछाया_लंडन: आहे हो, कुणी सांगत नाही एवढंच. ॲबीत संध्याकाळची गायन-प्रार्थना असते, इव्हनसाँग, बहुतेक दिवशी पाचच्या सुमारास. पूर्ण फुकट. थोडं आधी जाऊन रांगेत उभं राहायचं. आम्हाला गायकांच्या शेजारच्या लाकडी बाकांवर जागा मिळाली. समोर लाल टोप्यांचे छोटे दिवे, लाल झगे घातलेली मुलं, आणि त्यांचा आवाज वर कमानीत जाऊन परत खाली येतो. फोटो काढायचे नाहीत, न्यूटन-डार्विनच्या कबरी शोधत हिंडायचं नाही. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण शेवटपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. तुमच्या आईंनाही आवडलं असतं.

वसईचा_पाटील: मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे जरा वेगळं बोलतो. तिकीट घ्या, खुशाल घ्या! नोत्र दामला मिस्सेला बसलो होतो. धर्मगुरू पवित्र भाकर उचलताहेत आणि माझ्या मागून एक गृहस्थ व्हिडिओ कॉलवर, चक्क मराठीत: "हे बघ, हेच ते जळालेलं." मान वळवून बघायचीही लाज वाटली. फुकट दाराची किंमत आत गुडघे टेकणारा मोजतो. पँथिऑनलाही मिस्सेला येणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत, मग तक्रार कसली?

सदाफिरस्ता: तो मी नव्हे, आधीच सांगतो! पण पाच युरो मोजले की तोच गृहस्थ गप्प बसेल, हे काही पटत नाही. पैसे दिलेला माणूस जास्त हक्काने बोलतो. विमानात बघा.

वसईचा_पाटील: विमानात निदान सामान वर ठेवून बसतो तरी.

आळशी_कासव: तिकिटाचं राहू द्या, मुळात इतकी चर्चेस बघायचीच कशाला? आमच्या टूरने दहा दिवसांत अकरा दाखवली. मिलानची खिडकी कोलोनला आणि कोलोनचा मनोरा प्रागला, सगळी खिचडी झालीय डोक्यात. एकच लख्ख आठवतं. रोमला नव्होना चौकाजवळचं सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्च, फुकट. डावीकडच्या एका कोनाड्यात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रं आहेत, 1600 च्या आसपासची. पण काळोख. शेजारच्या डबीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खटकन बंद. आम्ही तीस-चाळीस जण अंधारात उभे, आणि जो तो दुसऱ्याच्या खिशाकडे बघतोय.

सदाफिरस्ता: हे चालेल मला. ज्याला वाटेल तो टाकेल, बघतील सगळे. हेच तर मी म्हणतोय.

म्युनिककर: कासवराव, मग टाकलं कुणी?

आळशी_कासव: काठी टेकत आलेल्या एका जपानी आजींनी. तीनदा. आम्ही तिन्ही चित्रं बघून घेतली आणि बसकडे पळालो.