१२ हजारांत सिंगल फेज वेल्डिंग मशीन, कुठलं घेऊ?

रविवारचा_वेल्डर: चाकणला कंपनीत ९ वर्षं सीओटू, म्हणजे गनमधून तार येते ते वेल्डिंग, मारतोय. आता रविवारी गावी, वाईजवळ, गेट-ग्रिल आणि शेडची कामं घ्यायचा विचार आहे. घरी सिंगल फेज, संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं. बजेट १२ हजार, केबल-होल्डर धरून. २०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन कुणी वापरलंय का?

भोसरी_फॅब: थ्री फेज ४०० अँपियर घे. आमच्याकडं दोन आहेत, सहा वर्षांत स्क्रू खोलला नाही.

रविवारचा_वेल्डर: दादा, सिंगल फेज आहे म्हटलं ना.

भोसरी_फॅब: मग आधी मीटर बदल. धंदा करायचा तर नीट करावा.

जुना_रॉड: इन्व्हर्टरच्या नादी लागू नका. माझा आठ महिन्यांत गेला. उघडला तर बोर्डावर ग्राइंडिंगची काळी भुकटी. वडिलांचा १९९४ चा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर अजून चालतो. उचलायला दोघं लागतात, एवढंच.

शिरोली_एमआयडीसी: भुकटी पंख्यानं ओढली, त्यात मशीनचा काय दोष? ग्राइंडर लांब मारायचा, महिन्यातून एकदा ब्लोअर मारायचा. आणि २०० च्या आकड्याला भुलू नका, पाटीवरची ड्यूटी सायकल बघा. ३०% म्हणजे दहा मिनिटांत तीनच मिनिटं. तुम्हाला गेटला २.५ एमएमचा रॉड, ७०-८० अँपियर बास. खरी गोम व्होल्टेजची. दीड एमएमची वायर ५० मीटर ओढलीत तर १८० चे १६० होतात आणि रॉड नुसता चिकटतो. एक्स्टेंशन ४ एमएमचीच घ्या.

अबुधाबी_६जी: ९ वर्षं हात बसलाय आणि गेट करणार? पाइप वेल्डिंगची ६जी ची टेस्ट दे भावा. ४५ अंशात पाइप, रूट म्हणजे पहिला थर टिग वेल्डिंगनं, वर ७०१८ चा रॉड. जोडाचा एक्स-रे पास झाला की बघ.

जुना_रॉड: ६०१३ च्या रॉडला तोड नाही. ७०१८ चे नुसते नखरे.

अबुधाबी_६जी: काका, प्रेशर लाइनला ६०१३? आमच्याकडं ७०१८ ओव्हनमधनं गरमच काढतात.

जुना_रॉड: आम्ही उन्हात वाळवतो. काही बिघडलं नाही आजवर.

शिरोली_एमआयडीसी: ग्रिलला काय बिघडणार! जाड प्लेटला रॉडच्या ओलाव्यातला हायड्रोजन आत शिरतो, दुसऱ्या दिवशी तडा दिसतो.

शेडवाली_वहिनी: मशीनचं तुम्ही बघा, बाकीचं मी सांगते. घरगुती मीटरवर धंदा सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. दुसरं म्हणजे, शेडला जीआय, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला पाइप येतो. आमचे हे बंद शेडमध्ये दिवसभर त्यावर वेल्डिंग करून आले आणि रात्री गोधडीत कुडकुडत होते. मलेरिया समजून रक्त तपासलं, निघाला झिंकचा धूर. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढा आणि धूर तोंडावर येणार नाही असं उभं राहा.

जुना_रॉड: त्यावर गूळ खायचा.

भोसरी_फॅब: गुळाला अनुमोदन. पण थ्री फेज घेच.

शेडवाली_वहिनी: गूळ आम्हीपण दिला. ताप दुसऱ्या दिवशी आपोआपच उतरला.

रविवारचा_वेल्डर: सगळ्यांचे आभार. मशीन घेतलंच नाही. शेजारच्या गावात एकाचा डिझेल वेल्डिंग सेट भाड्यानं मिळतो, दिवसाला हजार, डिझेल माझं. मीटरचीही कटकट नाही. पैशातून ऑटो काच (ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी), केबल आणि होल्डर घेतला. काल पहिलं गेट केलं. लाज वाटते सांगायला, पण पहिले चार-पाच रॉड वाया गेले. गनमधून तार आपोआप येते, इथं रॉड जळेल तसा हात खाली न्यायचा हेच विसरत होतो. गेटचा मालक चहा घेऊन मागं उभा.

भोसरी_फॅब: सेट थ्री फेज आहे का?