मदत हवी आहे: माझ्या स्ट्रोकला जुळणारा पटर सोलापुरात बसून कसा निवडू?

जुळेसोलापूरकर:

नमस्कार मंडळी, गोल्फ खेळणारे कोणी असतील तर जरा मार्गदर्शन करा, विषय पटरचा (ग्रीनवर चेंडू होलात ढकलायच्या क्लबचा) आहे.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये आहे, कामानं पुण्याला सारखं जाणं होतं आणि तिथं मामांबरोबर येरवड्याच्या कोर्सवर खेळायला मिळतं. बाकीचा खेळ हळूहळू बसतोय पण ग्रीनवर (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आलं की चार-पाच फुटांचे पट, म्हणजे चेंडू होलाकडं लोळवायचे फटके, सुटतात, आणि सुटतात ते बहुतेक डावीकडूनच (उजव्या हातानं खेळतो). मामा म्हणतात हा पटर तुझ्या मापाचा नाही, दुसरा बघ. घ्यायला तयार आहे पण सोलापुरात चार पटर हातात घेऊन बघता येतील असं दुकान मला सापडलं नाही, आणि पुण्यात एका दुकानात गेलो तर त्यांनी माझा स्ट्रोक न बघताच सगळ्यात महागातला मॅलेट (मोठ्या, जाड डोक्याचा पटर) पुढं केला, मग तसाच बाहेर आलो. ऑनलाइन मागवायचा तर काय बघून मागवायचा ते आधी कळायला पाहिजे, दहा-बारा हजार घालायचे म्हणजे विचार करूनच की ओ.

माझी माहिती देतो. उंची ५ फूट ४ इंच. सध्याचा पटर मामांनी दिलेला जुना ब्लेड (पातळ, अरुंद डोक्याचा), ३५ इंची, शाफ्ट (दांडा) अगदी हीलला, म्हणजे डोक्याच्या माझ्याकडच्या टोकाला जोडलेला. मला लांब होतो म्हणून ग्रिपवर दोन इंच खाली धरतो, तरी टो (डोक्याचं पलीकडचं टोक) जमिनीपासून उचललेला राहतो. शाफ्ट बोटावर आडवा तोलून बघितला तर टो जवळजवळ सरळ खाली जातो, म्हणजे टो हँग भरपूर असं वाचनावरून समजलो.

स्ट्रोक कसा आहे ते घरीच बघितलं. हॉलमध्ये शहाबादी फरशी आहे, तिची लांब सांध ही लाईन धरली, चेंडू सांधेवर ठेवला, फोन समोरून लावून व्हिडिओ घेतले. मागं जाताना पटरचं डोकं सांधेच्या आत किंचित येतं, चेंडूपाशी परत लाईनवर, पुढं जाऊन पुन्हा थोडं आत. म्हणजे आर्क (कमानीसारखी वाट) आहे पण लई नाही. नाकाच्या मुळापाशी दुसरा चेंडू धरून सोडला तर तो खालच्या चेंडूच्या अलीकडं, पायाच्या बाजूला पडतो.

आता प्रश्न असे की थोडा आर्क असलेल्या माणसानं फेस बॅलन्स्ड घ्यावा का टो हँगवाला? ब्लेड का मॅलेट? ३३ इंची मागवू का हाच कापून घेऊ, इथं लूमचे पार्ट करणारे लेथवाले ओळखीचे आहेत, पाईप कापून देतील. आणि ते झीरो टॉर्कचं काय आहे, २०२५ ची यूएस ओपन जे. जे. स्पॉननं लॅब गोल्फच्या पटरवर जिंकली तेव्हापासून सगळे व्हिडिओ त्याचेच दिसतात. ते माझ्या बजेटबाहेर आहे पण समजून घ्यायला आवडेल. आगाऊ धन्यवाद.

मुठेकाठचा:

छान सविस्तर लिहिलंय, त्यामुळे सांगणं सोपं जाईल. ढोबळ नियम असा की स्ट्रोक सरळ मागं सरळ पुढं असेल तर फेस बॅलन्स्ड, म्हणजे बोटावर तोलला की फेस (चेंडूला लागणारी बाजू) आभाळाकडं बघतो तो. आर्क जास्त असेल तर जास्त टो हँग, कारण तो मागं जाताना सहज उघडतो आणि पुढं येताना मिटतो. तुमचा आर्क थोडा आणि पटर मात्र पूर्ण टो हँगचा, म्हणजे तो तुमच्या हातात गरजेपेक्षा जास्त मिटत असणार, डावीकडं जाण्याचं कारण तेच. माझा सल्ला सरळ फेस बॅलन्स्ड मॅलेट. मी स्वतः तोच वापरतो आणि छोट्या पटला फार शांत वाटतं.

झीरो टॉर्क म्हणजे डोक्याचं वजन आणि शाफ्ट असे जुळवलेले असतात की स्ट्रोकमध्ये फेसला स्वतःहून वळायची ओढ राहत नाही. फेस बॅलन्स्डपेक्षा वेगळी गोष्ट आहे ती, दोन्ही एकच समजू नका.

क्लबदुरुस्ती:

वरच्या प्रतिसादातला नियम उपयोगी आहे पण पैसे घालायच्या आधी एक हिशेब बघा. होलचा व्यास १०८ मिमी, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४ मिमी. चार फुटांचा सरळ पट डावीकडून सुटायचा असेल तर चेंडू सुरुवातीलाच जवळपास अडीच अंश वाकडा निघायला हवा. एवढा वाकडेपणा एकट्या टो हँगमुळं दर वेळी येईल हे मला पटत नाही. टो उचललेला आहे त्याचंही तसंच, चार अंश लॉफ्टचा (फेस तेवढा मागं कललेला) पटर पाच अंश टो वर करून धरला तर फेस डावीकडं वळतो तो अर्ध्या अंशापेक्षाही कमी. मग उरलेलं कुठून येतंय? माझा अंदाज असा की तुमचं निशाणच डावीकडं लागतंय, स्ट्रोक सुरू व्हायच्या आधीच. चेंडू कुठल्या दिशेनं निघणार हे बहुतांश फेस कुठं बघतोय त्यावर ठरतं, स्ट्रोकच्या वाटेचा वाटा त्यामानानं थोडा.

हे घरी तपासता येतं. गवंड्याकडं किंवा सुताराकडं गुण्या (काटकोन बघायची पट्टी) असतो तो आणा. सहा फुटांवर नाणं ठेवा, चेंडू ठेवून नेहमीसारखं उभं राहा, निशाण धरा आणि पटर अजिबात हलवू नका. घरातल्या कोणालातरी चेंडू बाजूला काढून फेसला गुण्या टेकवायला सांगा, आणि गुण्याच्या दुसऱ्या भुजेच्या रेषेत दोरी ताणून बघा ती नाण्यावर जाते का बाजूला. मात्र हे करताना फरशीची सांध वापरू नका, ती दिसली की डोळा आपोआप सुधारून घेतो, सतरंजी अंथरून करा. पाच-सहा वेळा करा, प्रत्येक वेळी बाजूला होऊन पुन्हा उभं राहून.

दुसरं म्हणजे तुम्ही कापडाच्या गावात आहात, स्टीलची मीटरपट्टी सहज मिळेल. ती जमिनीवर सपाट ठेवून एका टोकाला चेंडू ठेवा आणि पट्टीवरून पट करा. फेस चेंडूपाशी चौकोनी असला तर चेंडू शेवटपर्यंत जातो, जरा वाकडा असला तर मधूनच खाली उतरतो. पहिल्या टेस्टमध्ये निशाण कळतं, हिच्यात स्ट्रोक कळतो. दोन्ही वेगळे दोष आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून लोक पटर बदलत राहतात आणि फरक पडत नाही.

आणि हो, मॅलेट म्हणजे फेस बॅलन्स्ड असं समीकरण डोक्यातून काढा. टो हँग ठरतो तो शाफ्ट डोक्याला कुठं आणि कसा जोडलाय त्यावर. डबल बेंड (खाली दोनदा वाकवलेला) शाफ्ट असेल तर बहुतेक फेस बॅलन्स्ड, प्लंबर नेक (नळाच्या पाईपसारखा काटकोनात वळलेला जोड) असेल तर मध्यम टो हँग, हीलला आखूड तिरका नेक असेल तर बराच, मग डोकं केवढंही मोठं असू दे.

निवृत्त मास्तर:

धाग्यात मध्येच विचारतो, माझी कंबर दुखते, वाकून पट करणं जड जातं. छातीला टेकवायचा लांब पटर चालतो का अजून?

क्लबदुरुस्ती:

काका, लांब पटर चालतो, ४८ इंचांची मर्यादा बाकीच्या क्लबांना आहे, पटरला नाही. पण शरीराला टेकवून स्ट्रोक करायला १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे. ग्रिपचं टोक किंवा वरचा हात छातीला लावून ठेवता येणार नाही, मोकळं धरून खेळावं लागेल. पाठीसाठी तसंही बरं पडतं, सवयीला थोडे दिवस द्या.

जुळेसोलापूरकर:

दादा, गुण्या टेस्ट केली, डोळे उघडले. बायकोनं गुण्या धरला, मुलीनं दोरी ताणली, आणि मी एकदम बरोबर धरलाय असं वाटत असताना दोरी नाण्याच्या डावीकडं चार बोटं! पुन्हा पुन्हा केलं तरी डावीकडंच, कधी तीन बोटं कधी पाच. मीटरपट्टीवर मात्र चेंडू बऱ्याचदा शेवटपर्यंत गेला, म्हणजे स्ट्रोक तेवढा वाईट नसावा.

मग परवा पुण्यात प्रॅक्टिस ग्रीनवर मामांच्या मित्रांचे दोन पटर मागून घेतले, गुण्या पिशवीतून नेलाच होता. एक डबल बेंडवाला मोठा मॅलेट, त्याच्यावर पाठीमागं लांब पांढरी रेघ. त्यानं निशाण बरोबर लागलं पण चेंडू उजवीकडं निघायला लागले, हातात फेस मिटतच नाही असं वाटत होतं. दुसरा छोटा मॅलेट, प्लंबर नेकचा, ३४ इंची, त्याच्यावर वरच्या कडेला एकच आखूड रेघ. हा धरल्यावर गुण्या जवळपास सरळ, आणि पटसुद्धा मधोमध जायला लागले. मामा लांबून बघत होते, जवळ येऊन म्हणाले आता खांदे पण हलले नाहीत तुझे. लई बरं वाटलं.

आता लांबी तेवढी ठरवायची राहिली. त्या ३४ इंचीलासुद्धा मी साधारण इंचभर खाली धरत होतो.

मुठेकाठचा:

वा, मग माझा फेस बॅलन्स्डचा सल्ला तुमच्यासाठी मागं घेतो, उजवीकडं जाणं म्हणजे थोडा टो हँग तुम्हाला हवाच आहे. प्लंबर नेकच घ्या. ते वळण जुनं आणि पारखलेलं आहे, जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर कार्स्टन सोलहाइम यांनी १९५९ मध्ये पिंग या आपल्या कंपनीचा पहिला पटर केला आणि १९६६ मध्ये अ‍ॅन्सर आणला. वजन मधोमध न ठेवता हील आणि टो अशा दोन टोकांना नेलं, म्हणजे चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी डोकं कमी फिरतं. आज दुकानात दिसणारे कितीतरी ब्लेड त्याच घराण्यातले आहेत. छोट्या मॅलेटमध्ये तीच कल्पना थोडी मोठ्या अंगात मिळते.

क्लबदुरुस्ती:

तुम्ही इंचभर खाली धरताय म्हणजे ३३ इंचीच घ्या, तयार ३३ मिळत असेल तर कापायच्या भानगडीत पडू नका. कारण शाफ्ट इंचभर कमी केला की डोकं हातात हलकं वाटायला लागतं आणि लांबच्या पटचा अंदाज बिघडतो. बऱ्याच कंपन्या आखूड पटरला डोकं थोडं जड देतात, मागवताना डोक्याचं वजन विचारा, ३५० ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं वर असेल तर चालेल. आपल्याकडं उन्हाळ्यात बर्मुडा गवताच्या ग्रीन बऱ्याचदा संथ असतात, तिथं जरा जड डोकं आणि तीन-चार अंश लॉफ्ट बरा पडतो. चेंडू स्वतःच्या वजनानं गवतात किंचित बसलेला असतो, लॉफ्ट त्याला तिथून उचलून घसरवतो आणि मग तो लोळायला लागतो. हात पुढं झुकवून पट करायची सवय असेल तर तेवढा लॉफ्ट कमी होतो हे लक्षात ठेवा.

३३ मिळालाच नाही आणि ३४ कापायचा असेल तर तुमचे लेथवाले जमवतील, पण ग्रिपच्या बाजूनं कापायला सांगा, डोक्याच्या बाजूनं नाही. आधी ग्रिप काढावी लागेल, जुनी ग्रिप ब्लेडनं फाडूनच निघते, म्हणून नवीन ग्रिप आणि दुहेरी टेप अगोदर मागवून ठेवा. कापल्यावर शिशाची टेप डोक्याच्या तळाला थोडी थोडी लावत जा आणि दहा फुटांचे पट करून बघा. नेक गरम करून किंवा ठोकून लाय (शाफ्ट आणि जमिनीतला कोन) बदलून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. स्टीलचं डोकं योग्य मशीनवर वाकवता येतं, अ‍ॅल्युमिनियमचं मोडतं.

जुळेसोलापूरकर:

खूप खूप आभार सगळ्यांचे. ३३ इंची, प्लंबर नेक, छोटा मॅलेट, वर एकच आखूड रेघ, एवढं घेऊन शोधतो आता. एक शेवटचं विचारतो, चेंडू नाकापासून सोडला तर अलीकडं पडतो म्हणालो होतो, ते पटर आखूड झाल्यावर आपोआप सुधारेल का मुद्दाम पुढं वाकावं?

क्लबदुरुस्ती:

बऱ्यापैकी आपोआप. आखूड पटरला तुम्ही थोडे जास्त वाकणार आणि चेंडू पायाजवळ येणार, मग डोळे लाईनवर किंवा एखादं बोट अलीकडं येतील, तेवढं चालतं. लाईनच्या पलीकडं मात्र जाऊ देऊ नका. पटर आला की डोक्यावरचं प्लास्टिक न काढता, सतरंजीवर, आधी गुण्या लावून बघा. चार बोटं डावीकडं असेल तर परत पाठवायची मुदत असेपर्यंतच पाठवून द्या.