मदत हवी आहे: एमजीबीचा मागचा डावा टायर मडगार्डला घासतोय

मंडळी, मामांची १९६७ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आता माझ्याकडे आहे. तारेची १४ इंची चाकं. मुक्काम ठाण्यात मानपाड्याला, आणि रविवारी सकाळी उपवनपर्यंत एक फेरी, एवढाच तिचा संसार. जुने १६५ मिमी रुंदीचे टायर चिरले म्हणून दिवाळीआधी १८५/७० आर १४ टाकले. दिसतात झकास! पण तेव्हापासून शेजारी कुणी बसलं की स्पीडब्रेकरवर मागून डावीकडे खर्रर्र होतं. गायमुखच्या घाटात जायचं तर सोडूनच दिलंय.

उजवीकडे काहीच होत नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं (टायर कुठलाही असो, हे माप बदलत नाही), तर डावी बाजू १८ मिमी खाली. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, मग गाडी डावीकडे का झुकावी?

१६५/८० चा व्यास साधारण ६२० मिमी, १८५/७० चा ६१५. म्हणजे नवा टायर उंचीला कमीच, फक्त दोन्ही अंगांनी १०-१० मिमी जास्त रुंद.

एक मिस्त्री म्हणतो शॉकअपमध्ये तेल भरा, गाडी उठेल. दुसरा शॅकल (मागच्या पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक गाडीला जोडणारी कडी) लांब करून द्यायला तयार आहे. तिसऱ्याने तर मडगार्डची कड आत वळवायला हातोडीच काढली होती. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद १
तेलवाल्याला लांबूनच नमस्कार करा. ते लिव्हरवाले शॉकअप हेलकावे थांबवतात, गाडीचा भार पेलत नाहीत. भार मागे पाट्यांवर, पुढे कॉइल स्प्रिंगवर. मागचे बंप रबर (ॲक्सलला वर अडवणारे रबरी ठोकळे) मात्र बघून घ्या. ते कुजून पडले असतील तर ॲक्सल नको तितका वर जातो.

प्रतिसाद २
शॅकलला अजिबात हात लावू देऊ नका. दोन इंच लांबवलं तर गाडी उठते जेमतेम एक इंच, आणि या गाडीत ॲक्सलला आडवं धरून ठेवणारे पाटेच आहेत. लांब शॅकलवर ते जास्त डुलणार, म्हणजे वळणावर आणखी घासणार.

आधी एक चाचणी करा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईखाली) बरोबर मध्यभागी ट्रॉली जॅक लावून पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सोडवा. खाली शिरायचं नाही! आता पुढच्या स्प्रिंगा मागच्या भागाला तिरकं करू शकत नाहीत. मागचं माप परत घ्या. फरक तसाच असेल तर डावा पाटा दबून बसलाय, मिटला तर चोर पुढे आहे.

पाटाच निघाला तर कळंबोलीला ट्रकवाल्यांकडे ठोकून कमान देण्याचा मोह होईल. मी एका जीपचे करून घेतले होते. पोलादाला कडक करणारं पाणी नीट दिलेलं नव्हतं, पावसाळा संपायच्या आत परत बसले.

प्रतिसाद ३
दोन्ही मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा. एमजीबीत डावी-उजवी जागा सारखी नसणं नवीन नाही. हातोडी नकोच. तिथे दोन पत्रे जोडलेले असतात. रंग तडकला की फटीत पाणी शिरणार, आणि ठाण्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

बाकी १६५/८० आर १४ हे माप डिझायर टॅक्सीचं आहे हो, कोपऱ्यावर मिळेल. तारेच्या चाकात ट्यूब घालायला विसरू नका.

धागाकर्ता
जॅकची चाचणी केली. मागचा फरक १८ वरून ४ मिमीवर आला! म्हणजे पुढची डावी स्प्रिंग बसलीय आणि मी दोन महिने मागे वाकून बघत होतो. ओळंब्याने डावीकडची जागा ७ मिमी कमी निघाली. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश बदलून बघतो, पण ते बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे ना? जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहील असं वाटतंय.

टायर डिझायरचेच घेतोय. मामांना सांगितलेलं नाही.

प्रतिसाद २
हो, चाकांवर उभी करूनच आवळा. पुढच्या स्प्रिंगा दोन्ही बदला, एकटी डावी नको. बदलल्यावर लगेच मोजू नका, उपवनची एक फेरी मारून या, मग मोजा.