बाबांच्या कॅसेटी यूट्यूबवर ठेवू की घरात?

वाशिष्ठीकाठची
माझ्या बाबांना शूटिंगची भारी हौस. शिमग्यात पालखी आमच्या अंगणात नाचायची, आत्याचं लग्न, आजीची लाकडी घाण्यावरची गडबड, सगळं त्यांनी व्हीएचएसवर घेतलं, पुढे मिनीडीव्ही नावाच्या छोट्या डिजिटल कॅसेटींवर. बाबा आता नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा फोटोंचे अल्बम खालच्या कपाटात होते. एकही राहिला नाही. कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या: ११ व्हीएचएस, ४ मिनीडीव्ही. दोन व्हीएचएसच्या रिळावर पांढरट बुरशी दिसतेय.

भाऊ म्हणतो, यूट्यूबवर प्रायव्हेट करून टाक, फुकट आहे, आयुष्यभर राहील. मला ते पटत नाही. आणि पूर पाहिल्यापासून फक्त घरात ठेवायचाही धीर होत नाही. काय करू?

टेपवाला पुणे
ताई, आधी बुरशी. त्या दोन कॅसेटी व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या टेपवर जाते. वेगळ्या पिशवीत बांधा आणि टेप साफ करून देणारा माणूस शोधा. बाकीच्या नऊंची मात्र घाई करा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ च्या जुलैत ते बनवणं थांबवलं. आज जी यंत्रं चालतात ती सगळी जुनी, आणि दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत.

मिनीडीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल असतं. फायरवायरने, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या डिजिटल वायरने, घेतलं तर जसंच्या तसं उतरतं, तासाला साधारण १३ जीबी. म्हणजे तासातासाच्या चारही कॅसेटी साध्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवरसुद्धा मावतील. दुकानदार पिवळी-लाल-पांढरी वायर जोडायला लागला तर थांबवा, ती अ‍ॅनालॉग असते आणि चित्राचा दर्जा घटतो.

यूट्यूब नातेवाइकांना दाखवायला उत्तम. पण दाखवणं वेगळं आणि जपणं वेगळं. चढवलेला व्हिडिओ ते आपल्या पद्धतीने पुन्हा दाबून लहान करतात. आणि ‘आयुष्यभर’ म्हणाल तर यूट्यूब ज्या गूगलचं, त्यांचंच २००५ ला आलेलं गूगल व्हिडिओ २०१२ ला गुंडाळलं, त्यांचंच ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. कंपनीचं धोरण बदलतं, त्यात आपल्या आजीचा विचार कोणी करत नाही.

एडिसनकर
पुणेकरांशी सहमत. आमच्याकडे रीत अशी: माझी हार्ड डिस्क नाशिकला बहिणीकडे, तिची माझ्याकडे, तिसरी प्रत पैसे भरून क्लाउडवर. दर दिवाळीला दोघंही डिस्क जोडून दोन-चार फाइली उघडून बघतो. एकदा अशीच तिची डिस्क उघडेना, तेव्हा माझ्याकडच्या प्रतीवरून परत भरली. पुराच्या गावात एक प्रत गावाबाहेर हवीच.

घरी सर्व्हर लावायचा सल्लाही कोणी देईल. जेलीफिन, म्हणजे घरच्या सर्व्हरवरून आपले व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर, मी स्वतः वापरतो, फुकट आहे, छान चालतं. पण माझ्यानंतर तो कोण चालवणार? बायकोला पासवर्डही माहीत नव्हता. आता वहीत लिहून ठेवलाय.

टेपवाला पुणे
एक राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात तातडीचं. आई आहेत ना? त्यांना शेजारी बसवून कॅसेटी बघा आणि कोण कोण दिसतंय ते लिहून घ्या. माझ्याकडे लोक सुंदर उतरलेली लग्नं घेऊन येतात आणि पंगतीतल्या निम्म्या माणसांची नावं कोणालाच सांगता येत नाहीत. फाइलीचं नाव ‘व्हिडिओ १’ ठेवू नका. ‘१९९७ शिमगा, अंगण’ असं ठेवा.

वाशिष्ठीकाठची
दोघांचेही मनापासून आभार. पहिली कॅसेट उतरवून आणली. एक डिस्क ठाण्याला मामेबहिणीकडे ठेवायची ठरली, भाऊही तयार झाला.

काल आईला बसवलं. पालखीच्या गर्दीत मागे एक म्हातारा ढोल वाजवतोय, मी त्याला कधी पाहिल्याचं आठवत नाही. आई लगेच म्हणाली, “हे तुझ्या बाबांचे धाकटे काका. तू पाळण्यात होतीस तेव्हा गेले.” वहीची दोन पानं भरली. चांगल्या व्हीएचएसपैकी अजून आठ कॅसेटी आहेत, शिवाय मिनीडीव्ही.