वर्गमंत्री की वर्गातला फौजदार?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. जूनमध्ये वर्गमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री निवडले जातात. पण बिल्ला लागला की ही मुले फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिण्यापलीकडे काही करत नाहीत. नेतृत्व म्हणजे दरारा नव्हे, हे नऊ वर्षांच्या मुलांना कसे उमजावे?

उत्तर १ : मॅडम, आधी ती नावे लिहिणे बंद करावे, चहाडीची सवय आपणच लावतो. माझ्या वर्गात पदे दर पंधरवड्याला बदलतात आणि आहारमंत्र्याने सर्वांना वाढून झाल्यावरच जेवायला बसायचे, एवढा एकच नियम आहे. एकदा खिचडी कमी पडली, तेव्हा एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीने कोणालाही न विचारता पातेल्यात डोकावून पाहिले आणि उरलेल्या ताटांत अर्धा अर्धा डाव वाढला.

उत्तर २ : संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम १२ मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली, तरीही बालसभेत आपण मुलांकडून पाठ केलेली भाषणेच म्हणवून घेतो. त्याऐवजी मधल्या सुट्टीत चेंडू कोणाला, असा खरा प्रश्न त्यांच्यावर सोपवावा. आमच्या मुलांनी तो फक्त मुलग्यांना दिला. मी गप्प राहिलो, जे फार जड गेले. पुढच्या शनिवारी मुलींनीच तो विषय पुन्हा काढला.

प्रश्नकर्ती : सोमवारी फळा पुसते. चेंडू मात्र एकच आहे, तोही फाटका.