आमसुली साडीचा खरा रंग कुठला?

गिरगावकरीण:
परवा भाचीच्या साखरपुड्यासाठी ब्लाउजपीस घ्यायला दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले होते. साडी आमसुली, रेशमी. दुकानदाराने पदरावर चार शेड टाकून पाहिल्या. पाचवी रुबिया अशी बसली की पदर कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं तेच कळेना. मीटरभर घेतली. घरी गॅलरीत उन्हात धरते तर साडी लालसर आणि ब्लाउजपीस चक्क वांगी! नवरा म्हणतो, डोळे तपासून घे. गेल्याच महिन्यात तपासलेत, नंबर होता तेवढाच आहे.

पैसे गेले ते गेले. पण दोन्ही वेळी डोळे माझेच होते ना? मग ते खोटं कधी बोलले, दुकानात की गॅलरीत? आणि एवढ्याशा कापडात फसत असतील, तर बाकीचं जग दिसतं तसंच आहे हे कशाच्या भरवशावर मानायचं?

फिजिक्सवाला_ठाणे:
खोटं कधीच बोलले नाहीत, पण हिशेब अर्धाच सांगितला. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या असतात, साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख. कापडावरून कितीतरी तरंगलांबींचा प्रकाश कमीजास्त परततो आणि डोळा त्या सगळ्याची तीन आकड्यांत बेरीज करतो. वाण्याकडच्या दोन पिशव्या समजा. एकीत डाळ-तांदूळ, दुसरीत साखर-तेल, बिल दोन्हींचं ३४० रुपये. आता भाव बदला, बिलं वेगळी होतील. उजेड म्हणजे भाव. रेशीम आणि सुती रुबियाचे रंग वेगळ्या रसायनांचे, आणि दुकानातल्या पांढऱ्या एलईडीत गडद लाल कमी असतो. एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्यात असे वेगळे दिसतात, याला मेटामेरिझम म्हणतात.

अणुवाला जॉन डाल्टन आठवतो? १७९२ मध्ये त्याला जिरेनियमचं एक फूल दिवसा आकाशी आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसलं. भावालाही तसंच दिसे, इतर मित्रांना नाही. डोळ्यातला द्रव निळसर असेल असा त्याचा तर्क होता. १८४४ मध्ये तो गेल्यावर डोळा उघडून पाहिला, द्रव स्वच्छ. पुढे १९९५ मध्ये जपून ठेवलेल्या डोळ्यातल्या डीएनएवरून कळलं की मधल्या तरंगलांबीचं रंगद्रव्यच नव्हतं. कारण चुकलं गड्याचं, पण आपल्याला वेगळं दिसतं हे त्याने चारचौघांना विचारूनच पकडलं होतं.

अर्धवट_शास्त्री:
आता कोणीतरी दोरी आणि साप आणणार, म्हणून आधीच सांगतो, तो दृष्टांत इथे लंगडतो. दिवा आणला की सापाचा बाध होतो, म्हणजे साप खोटा ठरतो, दोरी उरते. इथे दिवा बदलला की दुसरा रंग येतो. कोणता दिवा कोणाचा बाध करणार? न्यायदर्शनाच्या सूत्रांनी प्रत्यक्षाच्या, म्हणजे इंद्रियांनी मिळणाऱ्या ज्ञानाच्या, व्याख्येत 'अव्यभिचारी' (न चकवणारं) अशी अट घातली आहे. पण ताईंचं दुकानातलं पाहणंही व्यभिचारी म्हणता येत नाही. त्या ट्यूबखाली कोणीही उभं राहिलं असतं तर तेच दिसलं असतं. (डाल्टन सोडून.)

थानवाले_काका:
बाध वगैरे आपल्याला कळत नाही. हिंदमाताला मॅचिंगच्या काउंटरवर ३१ वर्षं उभा होतो, तेवढ्यावरून सांगतो. गिऱ्हाइकाला उंबऱ्याशी नेऊन दाखवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा आमच्या शेठचा नियम. काळा की नेव्ही ब्लू हा तर रोजचा तंटा. पण उंबऱ्यावरही सुटका नसते. एका बाईंना सकाळी अकराला मोरपंखी पदरावर शेड बसवून दिली. त्या म्हणाल्या, सासूबाईंना विचारून येते. सासूबाईंना घेऊन आल्या संध्याकाळी सहाला. तेच थान, तोच उंबरा, आणि शेड बसेना. सासूबाईंनी दोघांचीही अक्कल काढली. पावसाळ्यात तर आभाळ बघूनच थान काढायचो.

ताई, उन्हात दिसलं ते खरं आणि ट्यूबखालचं खोटं, हे तुम्ही कधी ठरवलंत? ऊन तरी दिवसभर एक कुठे असतं? मला एवढंच सांगा, साखरपुडा किती वाजता आहे?

गिरगावकरीण:
काका, संध्याकाळी सात, एसी हॉल. आत्ता ब्लाउजपीस घेऊन हॉलवर जाऊन आले. मॅनेजरला वाटलं सजावटीचं कापड दाखवायला आलेय. त्यांच्या दिव्यांखाली पदराला अगदी चिकटून बसलं. शिवायला टाकलं.

फोटो मात्र साडेपाचला गच्चीवर काढायचे म्हणतायत. तेव्हा पदर पुढून घेईन.